एका टक्क्याचा हिशेब

विज्ञानातील प्रगतीची वार्ता सामान्य वाचकापर्यंत पोहोचते ती बहुधा एखाद्या आकड्याचे रूप घेऊन. अमुक प्रयोगशाळेत सौरघटाची कार्यक्षमता अमुक टक्क्यांनी वाढली, एवढे वाचून तो पान उलटतो. तो टक्का केवढ्या आकाराच्या घटावर मोजला, तो किती दिवस टिकला आणि त्यामुळे कोणाचे कोणते काम झाले, हे विचारण्याचे त्यास कारण पडत नाही. वास्तविक हे प्रश्न प्रथम संशोधकांनी, नंतर विद्यापीठांनी आणि शेवटी अनुदान देणाऱ्या शासनाने विचारावयाचे. परंतु ते जेव्हा विचारले जात नाहीत, तेव्हा लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाविषयी वृत्तपत्राने चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये. आज आम्ही ते लिहीत आहोत ते रंजक-सौरघटांविषयी, आणि त्यातही बेळगाव-निपाणीच्या टापूत त्या विद्येचे जे होऊ शकते आणि होत नाही, त्याविषयी.

बेळगाव आणि निपाणी यांच्याभोवती एक वर्तुळ काढले, तर त्याच्या पोटात आणि कडेला विद्यापीठांची वाण मुळीच दिसत नाही. निपाणीपासून सुमारे ४० किलोमीटरवर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आहे. ते १९६२ साली स्थापन झाले. खुद्द बेळगावात १९९८पासून विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी फार मोठा भाग त्यास जोडलेला आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली निघाले. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ या सर्वांहून जुने. आणि घाट उतरला की गोवा विद्यापीठ. यांपैकी कोल्हापूरच्या भौतिकशास्त्र विभागाने पदार्थांच्या पातळ थरांच्या शास्त्रात आपले नाव मिळवले आहे. १९८०च्या दशकातच तेथे प्रकाशविद्युत्-रासायनिक घटांवर काम चालू होते. पुढे डॉ. चंद्रकांत लोखंडे यांनी रासायनिक द्रावणातून थर बसवण्याची आणि डॉ. प्रमोद पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवण्याची पद्धत अशी हाताळली की, त्यांच्या निबंधांचा आधार जगभरचे अभ्यासक घेतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी याच दिशेने काम केले. म्हणजे हा विषय आपल्याकडे काल-परवा आलेला नव्हे. त्यास परंपरा आहे.

हा विषय लहान गावांतील प्रयोगशाळांत रुजला याचे कारण उघड आहे. सिलिकॉनचा सौरघट बनवावयाचा तर अत्यंत शुद्ध पदार्थ, धूळविरहित दालने आणि कोट्यवधींची यंत्रे लागतात. रंजक-सौरघटास विद्युत्-वाहक थर दिलेली काच, टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी, ४५० ते ५०० अंश तापणारी भट्टी, एखादे रंगद्रव्य आणि आयोडीनचे द्रावण एवढे मिळाले की कामास आरंभ करता येतो. लेप काचेच्या दांडीने ओढून बसवला तरी चालतो. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आठवड्याभरात स्वतःच्या हाताने असा घट बनवू शकतो आणि त्यातून वीज निघताना पाहू शकतो. विज्ञान शिकवण्याचे याहून चांगले साधन मिळणे कठीण.

हा घट चालतो कसा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि दंतमंजनात असणारा तोच पदार्थ. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा अल्प भाग सोडला, तर बाकीचा प्रकाश त्यास पकडता येत नाही. म्हणून त्याच्या पृष्ठभागावर रंजकाचा एक थर चढवतात. झाडाच्या पानात हरितद्रव्य जे पहिले काम करते, ते येथे हे रंजक करते. प्रकाश पडताच रंजकाच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन सुटतो व टायटॅनियमच्या कणात शिरतो. कणाकणांतून वाट काढत तो काचेपर्यंत येतो आणि तारेतून बाहेर पडतो. इकडे रंजकास आलेली उणीव आयोडीनचे द्रावण भरून काढते, आणि बाहेरून फिरून आलेला इलेक्ट्रॉन त्या द्रावणास पूर्ववत् करतो. घटातील कोणताही पदार्थ खर्ची पडत नाही. खर्च होतो तो फक्त प्रकाश.

रंजकाच्या साह्याने वीज मिळते हे १९६०च्या दशकाच्या अखेरीसच जर्मनीत झिंक ऑक्साइडच्या स्फटिकावर दिसून आले होते. परंतु सपाट पृष्ठावर बसलेला रंजकाचा एकेरी थर प्रकाशाचा शंभरावा हिस्साही पकडू शकत नाही, आणि थरावर थर चढवले तर वरच्या रेणूंचा इलेक्ट्रॉन खाली पोहोचत नाही. हा पेच १९९१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मायकेल ग्रेत्सेल आणि ब्रायन ओरेगन यांनी सोडवला. त्यांनी सपाट पृष्ठाऐवजी टायटॅनियमच्या अब्जांश कणांचा सच्छिद्र थर घेतला. हे कण मीटरच्या अब्जाव्या भागात मोजावयाचे. एकेकाची जाडी अशा पंधरा-वीस भागांएवढी. केसाच्या काही अंशाएवढ्या जाडीच्या त्या थरात आतले पृष्ठफळ शेकडो पटींनी वाढले. भांडे तेच राहिले, परंतु रंजक बसावयास जागा झाली. कार्यक्षमता सात टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच निबंधातील दुसरा आकडा आमच्या मते किनाऱ्यावरील आणि घाटमाथ्यावरील वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे: पसरलेल्या, मंद दिवसाच्या उजेडात त्या घटाने १२ टक्के कार्यक्षमता दाखवली होती. खानापूरच्या रानापासून सिंधुदुर्गापर्यंत ज्यांचे चार महिने ढगांखाली जातात, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हापासून गेली तीन दशके जे संशोधन चालले आहे, ते मुख्यतः एका गळतीविरुद्ध चालले आहे. इलेक्ट्रॉन एका कणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा चाचपडत जातो. प्रत्येक सांध्यावर तो अडखळतो आणि वाटेत आयोडीनच्या द्रावणात परत निसटण्याचा धोका असतो. कुळागरातील मातीच्या पाटाने पाणी नेताना शेवटच्या माडापर्यंत जेवढे पोहोचते त्याहून अधिक वाटेत मुरावे, तसा हा प्रकार आहे. धातूंच्या ऑक्साइडांचे नवनवे अब्जांश कण घालून कार्यक्षमता वाढवणे याचा अर्थ हा पाट पक्का करणे होय. काहींनी बारीक कणांच्या थरावर सुमारे ४०० अब्जांश मीटर जाडीच्या मोठ्या कणांचा थर दिला. निसटून जाणारा प्रकाश त्यामुळे परत आत फेकला जातो. काहींनी काचेलगत घट्ट, छिद्ररहित थर दिला. काहींनी कणांऐवजी झिंक ऑक्साइडच्या सरळ उभ्या काड्या वाढवल्या, जेणेकरून इलेक्ट्रॉनला सांधेच ओलांडावे लागू नयेत. काहींनी टायटॅनियमच्या कणाभोवती ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे अतिपातळ कवच चढवले, की आत गेलेला इलेक्ट्रॉन उलट बाहेर येऊ नये.

या प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. मोठे कण घातले की रंजक बसण्याची जागा घटते. कवच किंचित जाड झाले की इलेक्ट्रॉन आतच शिरत नाही. झिंक ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन टायटॅनियमपेक्षा वेगाने धावतो हे खरे. परंतु आम्लधर्मी रंजकात ते विरघळू लागते. सरळ काड्यांचा घट कॅलिफोर्नियातील बर्कली येथे २००५ साली सिद्ध झाला. कल्पना मोठी सुबक होती. पण कार्यक्षमता निघाली १.५ टक्के, कारण काड्यांना सच्छिद्र थराइतके पृष्ठफळ नव्हते. तात्पर्य असे की, एखादे ऑक्साइड मिसळले आणि टक्का वाढला, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. तो कोणत्या कारणाने वाढला, गळती थांबली म्हणून की प्रकाश अधिक पकडला गेला म्हणून, हे दाखवले तरच ते ज्ञान. नाही तर तो केवळ पाककृतीतील फेरफार.

आता आकड्यांकडे वळू. २०११ साली रंजक-सौरघट १२.३ टक्क्यांवर आला, २०१४ साली १३ टक्क्यांवर, आणि २०२२ साली लोझानच्याच गटाने १५.२ टक्क्यांची नोंद केली. पहिल्या सात टक्क्यांपासून येथवर यावयास ३१ वर्षे लागली. वर्षाला सरासरी पाव टक्का असा हा हिशेब पडतो, आणि हे जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांचे. त्यातही हे विक्रम चौरस सेंटिमीटरच्या काही अंशाएवढ्या घटांवर होतात. तोच घट तळहाताएवढा केला की आकडा खाली येतो. यावरून एक साधा निकष हाती लागतो. एखाद्या निबंधात एकाच घटाचा, सर्वांत चांगला निघालेला, न झाकलेल्या कडांमधूनही प्रकाश घेतलेला आकडा दिला असेल आणि पूर्वीपेक्षा अर्धा टक्का वाढ झाल्याचा दावा असेल, तर त्या अर्ध्या टक्क्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी थांबावे हे बरे. घट बनवताना हाताच्या सवयीने पडणारा फरकच पुष्कळदा तेवढा असतो.

कोकम, जास्वंद, डाळिंबाची साल यांच्या रंगावर चालणाऱ्या घटांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कोकमाच्या सालीतील तांबडा रंग अँथोसायनिन वर्गातील असून तो टायटॅनियमच्या पृष्ठाला चांगला चिकटतो, हे खरे. विद्यार्थ्याच्या हाती आमसुलाचा रस देऊन त्यातून वीज काढून दाखवणे यासारखा दुसरा धडा नाही. परंतु अशा नैसर्गिक रंगांच्या घटांची कार्यक्षमता बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आतच राहते आणि ऊन लागून रंग लवकर विटतो. ‘कोकमावर गाव उजळणार’ असली शीर्षके देऊन आम्ही वृत्तपत्रांनी संशोधकांचेही नुकसान करतो आणि वाचकांचेही.

याहून मोठी गोष्ट अशी की, ज्या गृहीतावर हे संशोधन सुरू झाले ते गृहीतच बदलून गेले आहे. १९९१ साली सिलिकॉनचे फलक महाग होते. एका वॅटला कित्येक डॉलर पडत. रंजक-सौरघट स्वस्त, म्हणून तो गरिबांचा घट, असे तेव्हा म्हटले गेले आणि ते चुकीचे नव्हते. आज सिलिकॉनचा दर वॅटला अर्ध्या डॉलरहून पुष्कळ खाली आला आहे, बाजारात मिळणाऱ्या फलकांची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या पुढे आहे आणि ते पंचवीस वर्षे टिकतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर केलेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले, ते या सिलिकॉन फलकांच्या भरवशावर. ज्याच्या घरावर छप्पर आहे आणि छपरावर ऊन आहे, त्याने रंजक-सौरघटाची वाट पाहत बसू नये. मिळते ते अनुदान घेऊन फलक बसवावेत. असे असता संशोधन-प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘सिलिकॉन महाग असल्यामुळे’ हे वाक्य आजही उतरवून काढणे म्हणजे मोडीत निघालेले नाणे बाजारात चालवण्याचा प्रयत्न होय.

मग हे काम सोडून द्यावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि ते भावनेपोटी नव्हे. रंजक-सौरघटाचे बळ उन्हात नाही, मंद उजेडात आहे. २०१७ साली तांब्याच्या संयुगांचे द्रावण वापरलेल्या घटाने १,००० लक्स उजेडात, म्हणजे लख्ख प्रकाश असलेल्या कार्यालयाएवढ्या उजेडात, २८.९ टक्के कार्यक्षमता दाखवली. २०२२मध्ये हा आकडा ३० टक्क्यांपर्यंत गेला. सिलिकॉन तेथे मागे पडतो. मात्र येथेही गणित करून पाहावे. एवढ्या उजेडात १०० चौरस सेंटिमीटरच्या घटातून मिळते ती वीज सुमारे ९ मिलिवॅट. घरातला उजेड याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढाच असतो, तेव्हा वीजही त्याच प्रमाणात घटते. हिच्यावर दिवा लावावयाचा म्हटले तर दिव्याच्याच उजेडावर दुसरा दिवा पेटवण्याचा तो खटाटोप ठरेल. परंतु तापमान आणि दमटपणा मोजून काही मिनिटांनी एकदा संदेश पाठवणाऱ्या लहान उपकरणास एवढी वीज पुरेशी होते, आणि मग त्याची विद्युत्-घटिका वर्षावर्षाला बदलत बसावे लागत नाही. स्वीडनमधील एका कंपनीच्या अशा घटांवर चालणारे हेडफोन बाजारात आले आहेत. लोझानच्या विद्यापीठातील सभागृहाच्या दर्शनी काचांवर २०१४ साली सुमारे ३०० चौरस मीटर रंगीत रंजक-घट बसवण्यात आले. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने घरातील उजेडावर चालणाऱ्या घटांकडे लक्ष वळवले आहे. पाऊस आणि दमट हवा यांत केरळ आपल्याहून वेगळे नाही. मग जे तेथे सुचले ते येथे का सुचू नये?

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने रंजकाच्या जागी पेरोव्हस्काइट नावाचा पदार्थ याच टायटॅनियमच्या थरावर बसवला. तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. या नव्या घटातही इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचे काम टायटॅनियम किंवा कथिल यांच्या ऑक्साइडचा थरच करतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने अब्जांश कणांचा एकसारखा, भेगा न पडणारा थर बसवावयास शिकून घेतले, त्याची विद्या रंजक-घटाबरोबर संपत नाही. पेरोव्हस्काइटचा शत्रू आहे दमटपणा, आणि दमटपणाची परीक्षा घ्यावयास पश्चिम घाटाएवढी कडक जागा दुसरी कोणती?

बेळगाव-निपाणीच्या संदर्भात हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा उरत नाही, तो पोटाचा होतो. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी घाम गाळून पिकवलेल्या तंबाखूचे मोल दुसऱ्यांच्या हाती राहिले, म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसला, आणि त्या आंदोलनाचा शेवट गोळीबाराने झाला. तो तंबाखूचा धंदा आता जुन्या जोमाने चालणार नाही, आणि तो चालावा असे आरोग्याच्या दृष्टीने कोणी म्हणणारही नाही. मग विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीने काय करावे? ती आज शास्त्र शाखेची पदवी घेते. प्रश्न तिच्या हातच्या कौशल्याला काम कोठे मिळेल हा आहे.

कामाची सामग्री या टापूत नाही असे कोणी म्हणू नये. बेळगावच्या यमनापूर भागात हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतो, त्यात विशेष उपयोगांचे ॲल्युमिनाही असते. कारखान्यातील भुकटी म्हणजे काही अब्जांश मीटरचे कवच नव्हे, त्यासाठी वेगळी रसायने लागतात. पण ऑक्साइडच्या कणाचा आकार, शुद्धता, भाजणी यांची जाण असलेले तंत्रज्ञ त्या गावात आहेत, ही गोष्ट लहान नव्हे. उद्यमबागेत ओतशाळा आहेत, जलदाबयंत्रे बनवणारे उद्योजक आहेत. घट सील करण्याचे तापयंत्र त्यांना अशक्य नाही. हत्तरगीला विमानाचे सुटे भाग घडवले जातात. निपाणीपासून जवळच्या इचलकरंजीत कापड आहे, छपाई आणि रंगकाम आहे; आणि टायटॅनियमचा लेप काचेवर चढवण्याची कारखान्यातील रीत ही मूळची जाळीच्या छपाईचीच रीत आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरील काळ्या रेतीत टायटॅनियमचे खनिज आहे. केरळात चवऱ्याला असल्याच रेतीवर सरकारी कारखाना चालतो. इतके सारे असताना नाही ते एकच: या सर्वांना एका ठिकाणी आणणारा हात.

तो हात का नाही, याचे उत्तर नकाशात आहे. निपाणीच्या वेशीवरचे देवचंद महाविद्यालय ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, निपाणी कर्नाटकात. विद्यार्थी सायकलवरून सीमा ओलांडतो. अनुदान, उपकरण आणि अधिकारी यांना मात्र ती ओलांडता येत नाही. सीमाभागाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; त्याविषयी या पत्राची भूमिका वाचकांस ठाऊक आहे आणि तिची पुनरुक्ती येथे नको. परंतु दाव्याचा निकाल लागेपर्यंत सौरघटाची मोजणीही थांबली पाहिजे असे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही. महाराष्ट्राने अभियांत्रिकीच्या प्रवेशनियमांत सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय ठेवली आहे, ती योग्यच आहे. पण प्रवेश दिला म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे. कोल्हापूरच्या प्रयोगशाळांतून तयार झालेले कितीतरी तरुण संशोधक दक्षिण कोरियातील विद्यापीठांत गेले. त्यांनी तेथे नाव काढले याचा अभिमान जरूर वाटावा. परंतु अर्जुननगरचा मुलगा कोरियापर्यंत सहज जातो आणि बेळगावच्या प्रयोगशाळेत त्याला दार उघडत नाही, ही गोष्ट दोन्ही राज्यांना भूषणावह नाही.

यावर आमच्या सूचना मोजक्या आहेत. पहिली, कोल्हापूर किंवा बेळगाव येथे एक सामाईक मोजणी-केंद्र असावे. कृत्रिम सूर्यप्रकाशाचे प्रमाणित साधन, प्रमाणित संदर्भ-घट, मंद उजेडातील मोजणीची सोय आणि दमटपणाची पेटी एवढे त्यात असले तरी पुरे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांतील कोणत्याही महाविद्यालयाने घट पाठवावा आणि आकडा घेऊन जावा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१०पासून सौरविद्युत् संशोधन केंद्र आहे, गुरुग्रामला राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था आहे. या केंद्राची साधने त्यांच्याशी ताडून घेता येतील. केंद्र सरकारने २०२३च्या कायद्याने स्थापन केलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या योजनांत मोठ्या संस्थेभोवती लहान विद्यापीठे जोडण्याची तरतूद आहे. दोन राज्यांनी मिळून एक प्रस्ताव पाठवला तर दिल्लीला तो नाकारणे अवघड जाईल.

दुसरी सूचना विद्यापीठांना. या विषयावरील प्रबंधात एका घटाचा नव्हे, निदान दहा घटांचा सरासरी आकडा आणि त्यातील तफावत द्यावी. घटाचे क्षेत्रफळ सांगावे. आणि एक हजार तासांनंतर त्याची काय अवस्था झाली ते नोंदवावे. खानापूरच्या किंवा आंबोलीच्या एका पावसाळ्यात किती घट तगले, हा एवढा तक्ता जरी प्रसिद्ध झाला, तरी तो नव्या ऑक्साइडाच्या दहा निबंधांहून मोलाचा ठरेल. फसलेले प्रयोगही छापावेत, म्हणजे शेजारच्या महाविद्यालयात तीच चूक पुन्हा होणार नाही. आणि या सर्वांचा सारांश मराठीत व कन्नडात निघावा. करदात्यास त्याच्या भाषेत हिशेब मिळण्याचा हक्क आहे.

तिसरी सूचना उद्योजकांना. छपरावरच्या फलकांची स्वप्ने पाहू नयेत. त्या बाजारात चीनच्या कारखान्यांपुढे बेळगावचा निभाव लागणार नाही. गुळाचे, काजूचे, धान्याचे गोदाम, औषधांचा साठा, शीतगृह अशा ठिकाणी तापमान व दमटपणा यांवर नजर ठेवणारी लहान उपकरणे, तीही येथेच जोडलेली, हा मार्ग चिंचोळा असला तरी मोकळा आहे. चोर्ला घाटाने गोव्यात रोज उतरणारी भाजी वाटेत किती नासते, एवढे मोजण्यापासून आरंभ केला तरी चालेल.

काही वाचकांना वाटेल की, जेथे पाण्याचे, रस्त्यांचे आणि भाषेचे प्रश्न उभे आहेत, तेथे अब्जांश कणांची ही चर्चा कशाला? आमचे म्हणणे असे की, मागास ठेवलेल्या टापूंना सर्वांत आधी नाकारले जाते ते उत्तम प्रतीचे काम करण्याची संधी. पाणी आणि रस्ते निवडणुकीच्या तोंडावर तरी आठवतात. दुय्यम साधने आणि दुय्यम अपेक्षा एकदा अंगवळणी पडल्या की माणसे दुय्यम आकड्यांवर समाधान मानू लागतात. बेळगाव-निपाणीच्या मुलांची बुद्धी दुय्यम नाही. त्यांच्या हातचा घट एक टक्का वीज देतो की पंधरा, याची आम्हांस तूर्त तितकीशी चिंता नाही. तो जे देतो ते नीट मोजले जावे, निर्भयपणे सांगितले जावे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच मान्य व्हावे, एवढे झाले तरी पुढचा टक्का ती मुले स्वतः मिळवतील.